गोळी चुकू नये म्हणून : कर्करोगाच्या घरगुती उपचारातील कुटुंबाचा वाटा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोग हा शब्द कानी पडताच डोळ्यांसमोर उभे राहते ते रुग्णालयाचे चित्र. शस्त्रक्रियेचे दालन, किरणोपचाराचे अजस्र यंत्र, हाताला लावलेली सलाईनची नळी. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ साली झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या मनात या रोगाची लढाई म्हणजे मुंबईची वारी असेच समीकरण ठसलेले आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत या लढाईचा फार मोठा भाग रुग्णालयातून निघून घरात येऊन बसला आहे. देवघराशेजारच्या कपाटात एक लहानशी डबी असते आणि तिच्यातील गोळी रोज, ठरलेल्या वेळी, कित्येक महिने किंवा वर्षे घ्यावयाची असते. तेथे ना परिचारिका असते, ना डॉक्टर. गोळी घेतली की राहिली याची नोंद ठेवणारे कोणी नसते. प्रस्तुत भाषणाचा विषय एवढाच आहे.

तसे पाहिले तर गोळीने कर्करोगावर उपचार करणे नवीन नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील मर्कॅप्टोप्युरीन हे औषध १९५३ पासून वापरात आहे आणि स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन १९७० च्या दशकापासून. मात्र २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली आणि सारा नूर पालटला. सी.एम.एल. या नावाने ओळखला जाणारा रक्ताचा दीर्घकालीन कर्करोग तोपर्यंत काही वर्षांत रुग्णाला घेऊन जात असे. आता असे रुग्ण दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मात्रा घेऊन दुकान चालवितात, शाळेत शिकवितात, नातवंडांची लग्ने लावतात. त्यानंतर फुप्फुस, मूत्रपिंड, पुरःस्थ ग्रंथी अशा अनेक अवयवांच्या कर्करोगांसाठी गोळ्या आल्या.

आणि नेमकी येथेच अडचण सुरू होते. ज्याला बरे वाटते तो औषध विसरतो. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या कपाटात टाकण्याची सवय बहुतेक घरांत आहे. तापाच्या बाबतीत तीही चुकीचीच, परंतु येथे तिची किंमत फार मोठी आहे. इमॅटिनिब रोगाला समूळ उपटत नाही. रोगपेशींना सतत वाढण्याची आज्ञा देणारे एक सदोष प्रथिन शरीरात तयार होत असते, त्याचे काम हे औषध अडवून धरते. रक्तातील औषधाची पातळी उतरली की तो अडसर सैल होतो आणि दबून राहिलेल्या पेशी पुन्हा डोके वर काढतात. रुग्णाला त्या दिवशी काहीही जाणवत नाही. वाईट भाग तोच आहे.

लंडन येथे सी.एम.एल.च्या ८७ रुग्णांचा या दृष्टीने अभ्यास झाला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. औषधाच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवून झाकण केव्हा उघडले गेले याची तीन महिने नोंद घेण्यात आली. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक मात्रा घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत रोगाची पातळी समाधानकारक खाली जाण्याची शक्यता शेकडा ९४ च्या वर होती. ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती शेकडा २८ वर आली. आणि ज्यांनी ८० टक्के किंवा त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यापैकी एकाच्याही रोगाची पातळी तितकी खाली गेली नाही.

व्यापारी माणसाला हे आकडे प्रथम पटत नाहीत. उधारीतील रुपयाचे नव्वद पैसे वसूल झाले तर पेढीवर समाधान मानले जाते. परंतु ९० टक्के म्हणजे महिन्याला केवळ ३ गोळ्या चुकणे आणि ८० टक्के म्हणजे ६. एखाद्या लग्नासाठी चार दिवस परगावी गेले, गोळ्यांची पट्टी घरी राहिली, परत आल्यावर औषध दुकानात संपलेले निघाले, एवढ्याने सहाचा आकडा गाठला जातो. कोणी मुद्दाम हेळसांड केली असे त्यात कोठेही नाही.

याहूनही गंभीर गोष्ट पुढे घडते. रुग्ण तपासणीला जातो, अहवालात रोग वाढलेला दिसतो. डॉक्टर विचारतात, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" संकोचाने उत्तर येते, "हो, हो." मग डॉक्टरांनी काय समजावे? औषधाचा परिणाम संपला असेच ते समजणार, आणि दुसरे, बहुधा अधिक महाग व अधिक त्रासदायक औषध लिहून देणार. जे औषध पुरले असते ते एका होकारापायी बाद होते. म्हणून रुग्णासोबत जाणाऱ्या मुलाने किंवा सुनेने राहिलेल्या गोळ्यांचा खरा आकडा डॉक्टरांसमोर ठेवणे ही चुगली नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

स्तनाच्या कर्करोगाची गोष्ट निराळी आहे व आपल्या घरांच्या अधिक जवळची आहे. भारतीय स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार आटोपले की सत्कार झाल्यासारखे सर्वजण सुटकेचा श्वास टाकतात. त्यानंतर ज्यांच्या गाठीत संप्रेरकांना प्रतिसाद देणारे गुणधर्म आढळतात त्यांना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी एक गोळी रोज, किमान ५ वर्षे घ्यावयाची असते. टॅमॉक्सिफेन १० वर्षे घेतल्यास रोग उलटण्याचे प्रमाण आणखी घटते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. पाच किंवा दहा वर्षे रोज एक गोळी, आणि तीही जेव्हा शरीरात रोग दिसत नाही तेव्हा! अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात ८,७६९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्याचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. पूर्ण मुदतीपर्यंत व योग्य प्रमाणात औषध घेणाऱ्या स्त्रिया केवळ ४९ टक्के निघाल्या. साधनसंपन्न देशातील, विम्याचे संरक्षण असलेल्या स्त्रियांची ही स्थिती आहे.

याचे कारण केवळ विसराळूपणा नाही. टॅमॉक्सिफेनने अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घामाने झोप मोडते. लेट्रोझोलने सांधे आखडतात. सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. घरातील मंडळी म्हणतात, वयोमानाने होते. स्त्री स्वतःही तेच म्हणते आणि एके दिवशी निमूटपणे गोळी बंद करते. गोळी बंद करताच सांधे मोकळे होतात, म्हणजे गोळीच वाईट होती अशी तिची खात्री पटते. प्रत्यक्षात हा त्रास डॉक्टरांच्या कानावर गेला असता तर त्यांनी व्यायाम सुचविला असता, त्याच गटातील दुसरी गोळी दिली असती. मार्ग होते. विचारले कोणी नाही.

दुसरे कारण उघडपणे बोलले जात नाही, परंतु ते बोलणे आवश्यक आहे. घरात उपवर मुलगी असली की आईचा आजार झाकला जातो. पाहुणे येणार म्हणून औषधाची डबी धान्याच्या कोठीमागे जाते. चार दिवस पाहुणे राहतात, चार दिवस गोळी राहते. दुखणे लपविण्याचा हा प्रकार समाजातील सुशिक्षित, सुस्थितीतील कुटुंबांतही चालतो. ज्या कर्करोगाच्या भीतीने स्थळ मोडेल असे वाटते, तो आईच्या शरीरात परत येण्याची वाट त्याच भीतीने मोकळी होते. स्थळ पाहणाऱ्यांनीही याचा विचार करावयास हवा. लपविण्याची गरज कोणाच्या प्रश्नांमुळे निर्माण होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात देखभालीचा काळ दोन ते तीन वर्षांचा असतो. मर्कॅप्टोप्युरीन रोज आणि मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच. अमेरिकेतील मुलांवरील एका अभ्यासात, २०१२ साली, असे दिसले की ९५ टक्क्यांपेक्षा कमी मात्रा घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचा धोका लक्षणीय वाढतो. म्हणजे येथे महिन्याला दोन दिवसांची चूकही जड जाते. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत मात्र उलट काळजी घ्यावी लागते. आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली तर तोंडाला फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतते. अशा दुर्घटना जगभर घडलेल्या आहेत. यासाठी आठवड्यातील तो एक वार ठरवून भिंतीवरील दिनदर्शिकेत त्यावर लाल खूण करावी आणि औषध देण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी. आई देते, आजीही देते, वडील दुकानातून आल्यावर विचारतात व पुन्हा देतात, असे होता कामा नये.

आता ज्या विषयावर श्रोत्यांच्या मनात प्रश्न असतील त्याकडे वळणे योग्य ठरेल. व्रत, उपवास आणि औषध यांचा मेळ कसा घालावा?

प्रत्येक गोळीचे अन्नाशी असलेले नाते वेगळे असते. इमॅटिनिब जेवणाबरोबर व मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यावयाचे असते, अन्यथा मळमळ व पोटात जळजळ होते. आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतराने घेतात. याउलट पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील ॲबिराटेरोन उपाशीपोटी घेतले जाते. त्यापूर्वी किमान दोन तास व त्यानंतर एक तास काही खावयाचे नसते, कारण अन्नाबरोबर ते रक्तात अनेक पटींनी अधिक उतरते. चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांना इमॅटिनिब सकाळच्या जेवणाबरोबर सहज बसते. खरा पेच कॅपेसिटाबिनचा. मार्गशीर्षात मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो व सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी आली. म्हणजे सकाळची गोळी आठनंतर आणि सायंकाळची साडेपाच-सहाला, अंतर दहा तासांच्या आत. हे चालेल की नाही हे ज्याने औषध लिहिले त्यालाच विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी आधी चौविहार म्हणजे काय हे डॉक्टरांना समजावून सांगावे लागते. अनेक डॉक्टरांना त्याची कल्पना नसते. तो त्यांचा दोष नव्हे. ते वेळा बसवून देऊ शकतात. मात्र रुग्णाने मनाशीच सायंकाळची गोळी गाळली तर त्यांना काही कळत नाही.

पर्युषण व दशलक्षण पर्वात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. अठ्ठाई करण्याची मनापासून इच्छा असते, वर्षानुवर्षांची सवय असते आणि आजारपणात तर तपाची ओढ वाढते. परंतु कॅपेसिटाबिनने जुलाब होत असताना पाणीही वर्ज्य केले तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि आठ दिवस औषध थांबविणे म्हणजे काय हे लंडनच्या आकड्यांवरून लक्षात येईल. पच्चक्खाणाच्या परंपरेतच आगार म्हणजे सवलती सांगितलेल्या आहेत. तीव्र आजारात समाधी ढळू नये यासाठी औषधाला वाव देणारा आगारही त्यांत आहे. याचा अर्थ कसा लावावा हे साधू-साध्वीजी व पंडित सांगतील, त्यात कापडाच्या गजाने मोजमाप करण्यात अर्थ नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की पच्चक्खाण घेण्यापूर्वी गुरुमहाराजांना आजाराची व गोळीची पूर्ण माहिती द्यावी. बहुतेकदा रुग्ण त्यांना अर्धेच सांगतो.

कॅप्सूलच्या आवरणाचाही प्रश्न आहे. हे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. ते समजल्यावर काही श्रावक कॅप्सूल फोडून आतील भुकटी पाण्यातून घेतात. हे कदापि करू नये. कर्करोगाच्या औषधाची भुकटी घरात उडणे घातक आहे, विशेषतः गरोदर स्त्रीला, आणि मात्राही बिघडते. काही औषधे गोळी व कॅप्सूल या दोन्ही रूपांत मिळतात. डॉक्टर किंवा औषधविक्रेता चौकशी करून सांगू शकतो. गोळी कुटणे, अर्धी करणे हेही विचारल्यावाचून नको. तोंडाच्या कर्करोगाचे ज्यांना गिळता येत नाही असे रुग्ण असतात, त्यांना नळीतून औषध कसे द्यावे हे रुग्णालयातच शिकून यावे. गोळ्या हाताळणाऱ्या घरच्या माणसाने हातमोजे घालावेत व नंतर हात धुवावेत.

घरात सर्वांत उपयोगी पडणारे साधन म्हणजे वही. पेढीवर रोजमेळ लिहिला जातो, सायंकाळी शिल्लक मोजली जाते आणि चार आणे कमी आले तरी दिवा मालवत नाहीत. तोच नियम गोळ्यांना लावावा. आणल्या किती, घेतल्या किती, उरल्या किती. दर रविवारी मोजणी. कॅपेसिटाबिन १४ दिवस चालू व ७ दिवस बंद असते, मायलोमावरील लेनालिडोमाइड बहुधा २१ दिवस चालू व ७ दिवस बंद. ही चक्रे लक्षात ठेवणे तरुणालाही कठीण, तेथे सत्तरीच्या आजोबांकडून अपेक्षा कशी करावी? मोबाईलचा गजर उत्तमच, परंतु गजर बंद करून माणूस पुन्हा कुशीवर वळतो. दिनदर्शिकेवरील खूण दुसऱ्या माणसाच्या नजरेस पडते, हा तिचा मोठा फायदा आहे. एखादी मात्रा राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. उलटी झाली तर लगेच दुसरी घेऊ नये. अशा वेळी काय करावे हे पहिल्याच भेटीत लिहून आणावे.

तळहात-तळपाय लाल होणे, सोलणे, जुलाब, ताप ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी दूरध्वनी करावा. कधी डॉक्टर स्वतःच आठवडाभर औषध थांबवितात वा मात्रा कमी करतात. डॉक्टरांनी थांबविलेली गोळी आणि रुग्णाने थांबविलेली गोळी यांत महदंतर आहे. पहिलीची तारीख कागदावर असते. त्याचप्रमाणे आम्लपित्ताच्या गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, फॉलिक ॲसिड, शेजाऱ्याने सुचविलेला काढा, यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. आम्लपित्ताच्या साध्या गोळीने फुप्फुसाच्या कर्करोगावरील एर्लोटिनिबचे शोषण घटते. वॉरफरिन व कॅपेसिटाबिन एकत्र आले तर रक्तस्राव होऊ शकतो.

पैशाचा भाग शेवटी घेतला, म्हणून तो लहान नाही. दुकानातून पट्टी न घेता चार गोळ्या सुट्या घेणारा, एक दिवसाआड गोळी घेऊन महिन्याचे औषध दोन महिने पुरविणारा रुग्ण बहुधा मध्यमवर्गीय असतो. तो योजनेच्या रांगेत उभा राहत नाही आणि ट्रस्टकडेही हात पसरत नाही. इमॅटिनिबच्या नव्या रूपाला पेटंट देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नकार दिला, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधे बाजारात राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने कर्करोगावरील ४२ औषधांवरील व्यापारी नफ्याची मर्यादा ३० टक्के ठरविली. एकाच औषधाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या किमतीत आजही मोठी तफावत असते, आणि ती विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. कोणते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावे.

धर्मादाय संस्थांची मदत पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या वेळी, एकरकमी व समारंभपूर्वक दिली जाते. धनादेशाचे छायाचित्रही निघते. ती मदत मोलाची आहेच. परंतु गोळ्यांच्या रुग्णाला हवी असते ती दरमहा, न चुकता व गाजावाजा न होता. औषध संपण्याच्या दहा दिवस आधी दुकानदाराकडे पैसे पोहोचले तर खंड पडत नाही. विश्वस्तांच्या पुढील सभेपर्यंत अर्ज पडून राहिला तर पडतो. यासाठी एका विश्वस्ताला सभेविना मंजुरीचा अधिकार देणे हा घटनेतील छोटासा बदल पुरेसा आहे.

आठवड्यातून एकदा दूरध्वनी करणारे स्वयंसेवक तयार झाले तर त्यांनी एक पथ्य पाळावे. "गोळ्या घेता ना?" असे विचारू नये, त्याला एकच उत्तर असते. "या आठवड्यात किती राहिल्या? पुष्कळांच्या एक-दोन राहतातच," असे विचारले की माणूस खरे बोलतो. ऐकून घ्यावे, रागावू नये, आणि ऐकलेले उपाश्रयात किंवा भिशीत बोलू नये. ते बोलले गेले की पुढच्या वेळी आकडा नेहमी शून्यच सांगितला जाईल.

उरलेल्या गोळ्यांविषयी एक सूचना द्यावयाची राहिली. रुग्ण निवर्तल्यावर कुटुंबीय दानाच्या भावनेने शिल्लक पट्ट्या ट्रस्टच्या कार्यालयात आणून देतात. कधी त्या पट्ट्या हजारो रुपयांच्या असतात आणि नाही म्हणणे जड जाते. तरीही त्या कोणत्याही रुग्णाला परस्पर देऊ नयेत. त्या कशा ठेवल्या गेल्या, ऊन-दमट लागली का, मुदत कोणती, हे कार्यालयाला तपासता येत नाही. कचऱ्यात वा मोरीतही टाकू नयेत. ज्या रुग्णालयाने औषध दिले तेथील औषध विभागात त्या पोहोचत्या कराव्यात. कुटुंबाला तेवढी फेरी जमत नसेल तर ती कार्यालयातील माणसाने करावी.